‘येफीमिच’ म्हणजे कोण? रशियन पितृनामाविषयी

प्रश्न : रशियन लेखक चेखवच्या ‘वॉर्ड नंबर ६’ (१८९२) या कथेतला डॉक्टर कधी ‘रागिन’ असतो, कधी ‘आंद्रेय येफीमिच’. मधलं नाव वडिलांचं असेल तर ‘येफीमोविच’ हवं ना? आणि मराठीत सरळ ‘आंद्रेय येफीम रागिन’ का लिहू नये, आपल्यासारखं?

उत्तर : कागदोपत्री ‘येफीमोविच’च. बोलताना मधला ‘ओव’ गळतो : येफीमिच. त्याच कथेतला ग्रोमोव्ह दिमित्रियेविचचा ‘दिमित्रिच’ होतो तो असाच. चेखवने बोलीतलं रूप मुद्दाम ठेवलंय, अनुवादकानेही ठेवावं. मात्र एका पानावर येफीमिच, दुसऱ्यावर येफीमोविच असं केलं की वाचक दोन माणसं शोधत बसतो.

‘येफीम’ एवढंच लिहिण्याला माझा विरोध आहे. आपल्याकडे वडिलांचं नाव जसंच्या तसं मधे बसतं, रशियनमध्ये त्याला ‘ओविच’सारखा प्रत्यय लागून पितृनाम होतं, आणि नाव अधिक पितृनाम ही आदराची हाक असते. विद्यार्थी शिक्षकांना, कारकून साहेबांना अशीच हाक मारतात. आपल्या ‘गोविंदराव’मधल्या ‘राव’चं काम तिथे पितृनाम करतं. प्रत्यय काढलात की ‘राव’ गेला! उलट ‘श्री. येफीमिच’ही चूक, आणि सूचीत ‘य’खाली नोंद करणं तर त्याहून मोठी, नोंद ‘रागिन’खालीच हवी.

पुरवणी : मुलींची रूपं विसरू नका. चेखव अंतोन पाव्लोविच, त्याची बहीण मारिया पाव्लोव्हना. मूळ नाव पावेल; प्रत्यय लागताना ‘वे’तला ‘ए’ उडतो. लेव्हचं तर ‘ल्वोविच’ होतं, म्हणून टॉलस्टॉयची मुलगी अलेक्सांद्रा ल्वोव्हना, आणि आडनाव टॉलस्ताया. ‘य’कारान्त निकोलायचं निकोलायेविच, निकोलायेव्हना. इल्या, निकिता अशा काही ‘आ’कारान्त नावांना मात्र नुसता ‘इच’ : लेनिन व्लादिमिर इल्यीच, बहीण मारिया इल्यीनिचना. नुसतं ‘इल्यीच’ म्हणणं घरगुती जवळिकीचं. लेनिनला लोक तसंही म्हणत. मराठीत ते आडनावासारखं छापलेलं दिसलं की खटकतं.

प्रश्न : मग लेखक मक्सीम गॉर्कीचं काय? मक्सीम मक्सीमोविच?

उत्तर : नाही. ‘मक्सीम गॉर्की’ हे अख्खं टोपणनाव आहे, त्याला पितृनाम जोडत नाहीत. खरं नाव अलेक्सेय मक्सीमोविच पेश्कोव्ह. वडील मक्सीम, म्हणजे टोपणनावात त्याने वडिलांचंच नाव घेतलं. ‘गॉर्की’चा अर्थ कडू. समोरासमोर हाक मारायची तर अलेक्सेय मक्सीमोविच, त्यामुळे आठवणींच्या पुस्तकात हे नाव आलं की कुणी नवाच माणूस आला असं समजू नये.

उच्चाराचं एक राहिलं. गोर्बाचेव्ह, ख्रुश्चेव्ह यांच्यातल्या शेवटच्या ‘ये’ या अक्षरावर रशियनमध्ये दोन टिंबं असतात, छापताना ती बहुधा गाळतात. उच्चार गर्बाचोफ, ख्रुश्चोफ असा. टॉलस्टॉय मराठीत रुळलाय, त्याला ‘तलस्तोय’ करण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण नव्याने येणाऱ्या नावात ‘चो’ लिहायला काय हरकत आहे?