देश युनोचा सभासद कसा होतो? आणि भारत १९४५ लाच कसा काय झाला?

आठवीची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न लेकीचा आहे पण अडकलेय मी. तिच्या वहीत लिहिलंय की भारत संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सभासद, साल १९४५. आणि त्याच वहीत चार पानं मागे स्वातंत्र्य १९४७. काल रात्री मी भाकऱ्या थापत होते तर ही वही घेऊन ओट्यापाशी उभी, आई यातलं एक चुकीचं आहे ना? मी म्हटलं थांब बघते, आणि बघायला गेले तर मलाच कळेना. गुलाम देश सभासद कसा होईल? मग तिचा पुढचा प्रश्न, नवीन देशाला आत जायचं असेल तर फॉर्म भरतात का, कोणाला देतात, फी असते का, कोणी नाही म्हटलं तर? मी कॉमर्सवाली, इतिहास दहावीनंतर सुटला. जरा सोपं करून सांगा प्लीज, तिला सांगता येईल असं. ती वहीत चूक दुरुस्त करून मोकळी व्हायच्या आत.

निवृत्त_मास्तर

ताई, मुलीला आधी शाबासकी द्या, तीस वर्षं शिकवलं पण हा प्रश्न मला वर्गात दोनदाच आला असेल. आणि तिला सांगा वही बरोबर आहे, दोन्ही सालं खरी आहेत, खोडू नकोस.

आधी प्रवेशाचं बघू. तुम्ही फ्लॅट घेतला की सोसायटीचं सभासदत्व घेता ना, बरंचसं तसंच. त्या देशाने सरचिटणीसांना पत्र लिहायचं, त्यात संयुक्त राष्ट्रांची सनद मान्य आहे आणि त्यातली बंधनं पाळू असं लिहून द्यायचं. सरचिटणीस स्वतः काही ठरवत नाहीत, ते पत्र सुरक्षा परिषदेकडे जातं, म्हणजे आपली मॅनेजिंग कमिटी. कमिटीत १५ जण, त्यातली ९ मतं बाजूने पाहिजेत आणि कायमच्या पाचांपैकी म्हणजे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांपैकी एकानेही विरोधात मत टाकायचं नाही. टाकलं की संपलं, बाकीचे चौदा बाजूने असले तरी. यालाच व्हेटो म्हणतात. तिथून शिफारस झाली की मग आमसभा, तिथे दोन तृतीयांश मतं. ठराव पास झाला त्याच दिवसापासून सभासद.

अटी सनदेच्या चौथ्या कलमात आहेत. देश शांतताप्रिय हवा, सनदेची बंधनं मान्य हवीत आणि ती पाळायची ताकद आणि इच्छा हवी. शांतताप्रिय हा शब्द वाचून हसू येतं पण लिहिलंय तसं. सगळं सुरळीत असलं तर काम फटाफट होतं, दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, १३ ला सुरक्षा परिषदेची शिफारस, १४ ला सभासद. १९३ वा. त्यानंतर आजपर्यंत एकही नवीन नाही.

पेठेतला_पाहुणा

मास्तरांची सोसायटी आवडली पण ती एका जागी गळते, माफ करा. सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर आपण उपनिबंधकाकडे जातो, आणि कमिटी नुसती अर्जावर बसून राहिली तर तीन महिन्यांनी आपण मानीव सभासद होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एका भाडेकरूचे मालक झालेल्या काकांना कमिटीने असंच लटकवलं होतं, शेवटी ते कागद घेऊन कचेरीत गेले आणि जिंकून आले, पेढे पण वाटले विरोध करणाऱ्यांच्याच दारात. युनोत हे नाही. वर कोणी बसलेलंच नाही ज्याच्याकडे अपील करावं. कमिटीत बिल्डरची पाच माणसं तहहयात.

पॅलेस्टाईनचंच बघा, अर्ज सप्टेंबर २०११ चा. २०१२ ला आमसभेने १३८ मतांनी निरीक्षक राष्ट्राचा दर्जा दिला, म्हणजे हॉलमध्ये बसा, बोला, पण मत नाही. मग एप्रिल २०२४ ला सुरक्षा परिषदेत मतदान झालं, १२ बाजूने, २ तटस्थ, १ विरोधात. तो १ अमेरिका. झालं. पुढच्याच महिन्यात आमसभेत १४३ देश म्हणाले की हे सभासद व्हायला पात्र आहेत, परिषदेने फेरविचार करावा, तरी उपयोग शून्य, कारण कमिटीची शिफारस नसेल तर आमसभा आपल्या बळावर कोणाला आत घेऊ शकत नाही असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५० सालीच सांगून ठेवलंय.

आठवीची_आई

अरे बापरे. म्हणजे १९३ पैकी १४३ हो म्हणतात आणि एक नाही म्हणतो तर त्या एकाचं चालतं? हे मी तिला कसं समजावू, ती वर्गात मॉनिटर आहे आणि मतदानाने निवडून आलीये. बरं पण भारताचं राहिलंच की.

निवृत्त_मास्तर

हो तेच लिहीत होतो, मधे लाईट गेली.

भारताने हा वरचा अर्ज कधी केलाच नाही. सनदेचं तिसरं कलम म्हणतं की जे १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला हजर होते किंवा ज्यांनी १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, आणि मग सनदेवर सही करून ती मंजूर केली, ते मूळ सभासद. असे ५१. त्यांच्यासाठी स्वतंत्र असण्याची पाटी कोणी तपासली नाही. फिलिपिन्स १९४६ ला स्वतंत्र झाला, तोही त्या ५१ मध्ये आहे. रशियाच्या पोटातले युक्रेन आणि बेलारूस यांना तर वेगळ्या खुर्च्या मिळाल्या, म्हणजे एका घराला तीन मतं.

आपली गंमत अजून जुनी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांनी सह्या केल्या, त्यामुळे राष्ट्रसंघात, म्हणजे युनोच्या आधीच्या संघटनेत, हिंदुस्थान पहिल्यापासून सभासद होता. ब्रिटिशांना साम्राज्याची मतं वाढवायची होती, आपल्याला आयती खुर्ची मिळाली. १९४५ ला सही केली ती सर रामस्वामी मुदलियार यांच्या शिष्टमंडळाने, तेही ब्रिटिश सरकारने नेमलेलं. त्याच वेळी विजयालक्ष्मी पंडित सॅन फ्रान्सिस्कोत होत्या आणि बाहेर सांगत फिरत होत्या की आत बसलेत ते आमचे प्रतिनिधी नाहीत. मुलीला हा प्रसंग नक्की सांगा.

एमपीएससी_अटेंप्ट_४

यात एक भर. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा प्रश्न आला की आता ती खुर्ची कोणाची. युनोच्या सचिवालयाने मत दिलं की भारत तोच जुना देश आहे, त्याचं सभासदत्व चालू राहील, पाकिस्तान नवीन देश, त्याने अर्ज करावा. पाकिस्तानला ते पटलं नव्हतं पण अर्ज केला आणि ३० सप्टेंबर १९४७ ला सभासद झाला. विरोधात एकच मत पडलं, कोणाचं असेल? अफगाणिस्तानचं. भारताचं नाही!! सरहद्दीवरच्या पठाणांच्या प्रश्नावरून. नंतर त्यांनी ते मत मागे घेतलं. मला हे मॉकला आलं होतं आणि मी भारत टिक करून आलो, निगेटिव्ह मार्किंग, अजून झोंबतंय.

लातूरचा_लिंबू

आमच्याकडं मराठवाड्यात याची वेगळीच गोष्ट हाय, शाळेत कोणी सांगत न्हाई. निजामानं युनोत तक्रार केली होती. ऑगस्ट १९४८ मध्ये. सभासद नसलेल्या देशालाही भांडण सुरक्षा परिषदेपुढं नेता येतं असं पस्तिसाव्या कलमात हाय, त्याचा आधार घेतला. पण त्यात शब्द हाय देश. मग मुद्दा तिथंच अडला की हैदराबाद संस्थान हे देश हाय का. भारत म्हणाला मुळीच न्हाई, हा आमच्या घरातला मामला.

१३ सप्टेंबरला फौजा आत आल्या, १६ ला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक बसली, मोईन नवाज जंग निजामाकडून बोलायला उभे राहिले आणि १७ ला इकडं निजाम शरण. पॅरिसात वकील बोलतोय न बोलतोय तोवर अशिलानं शस्त्र खाली ठेवलं. काही दिवसांत निजामानं तार करून तक्रार मागं घेतली. माझे आजोबा तेव्हा सोलापूरकडच्या सरहद्दीच्या कॅम्पात होते, त्यांना पॅरिस बिरिस काही ठाऊक नव्हतं, त्यांची आठवण एवढीच की १७ तारखेला रेडिओ असलेल्या एका वाड्यापुढं सगळं गाव जमलं आणि कोणीतरी गूळ वाटला, तो ओल्या हाताला चिकटला होता. पाऊस चालू होता म्हणे.

अन् योगायोग बघा, १७ सप्टेंबर आमचा मुक्तिदिन, बांगलादेश युनोत आला ती तारीखसुद्धा १७ सप्टेंबर, साल १९७४. त्याआधी १९७२ ला चीननं व्हेटो टाकून त्यांना अडवलं होतं, बीजिंगवाल्यांचा तो पहिलाच व्हेटो, पाकिस्तानसाठी. पाकिस्ताननं फेब्रुवारी ७४ ला बांगलादेशला मान्यता दिली तवा दार उघडलं.

म्हापशेकार

लातूरकरांचं वाचून राहवलं नाही, गोव्याचंही ऐका.

पोर्तुगाल बरीच वर्षं युनोच्या बाहेर होता, रशिया अडवायचा. अमेरिका रशियाच्या दोस्तांना आत येऊ देत नव्हती आणि रशिया अमेरिकेच्या. वर न्यायालयाने १९४८ लाच सांगितलेलं की माझ्या माणसाला घ्या तर तुमच्या माणसाला घेऊ ही अट घालता येत नाही. पण शेवटी झालं काय, तर तेच! १४ डिसेंबर १९५५ ला एकाच दिवशी १६ देश आत, घाऊक. इटली, स्पेन, नेपाळ, श्रीलंका आणि आमचा सायब पोर्तुगाल. जपान आणि मंगोलिया तेवढे राहिले, एकाचा राग दुसऱ्यावर निघाला.

आता पुढच्या आठ दिवसांच्या तारखा बघा. युनोचा सभासद झाला की आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं दार आपोआप उघडतं. १४ डिसेंबरला सभासदत्व, १९ ला न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं पत्र आणि २२ डिसेंबरला भारतावर केस. कशासाठी, तर दादरा नगर हवेली. ती १९५४ ला आपल्या पोरांनी सोडवली होती, सुधीर फडके होते त्यात, गाण्याचे बाबूजीच. पोर्तुगालचं म्हणणं, दमणहून तिथे जायला आम्हाला भारतातून वाट द्या. आपली तक्रार होती की अहो हे पत्र टाकून तीन दिवसांत केस, आम्हाला कळायला वेळ तरी द्या, ती न्यायालयाने ऐकली नाही. निकाल लागला १९६० ला. साधी माणसं, नागरी अधिकारी आणि माल न्यायचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं न्यायचा नव्हता, आणि भारताने काही चुकीचं केलं नाही. म्हणजे दोघांनीही घरी जाऊन जिंकलो म्हणून सांगावं असा.

पण सभासदत्वाची दुसरी बाजूपण आहे. आत आल्यावर पोर्तुगालला विचारलं गेलं की तुमच्या वसाहती कुठल्या त्यांची माहिती द्या, तर उत्तर आलं की आमच्याकडे वसाहती नाहीतच, ते सगळे समुद्रापलीकडचे प्रांत. १९६० ला आमसभेने त्यांच्या वसाहतींची यादीच करून दिली, त्यात गोवा. आणि १९ डिसेंबर १९६१ ला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आदल्या दिवशी सुरक्षा परिषदेत भारताने मागे फिरावं या ठरावाला ७ मतं बाजूने आणि ४ विरोधात, त्यात एक रशियाचं, म्हणून ठराव पडला. वरती सगळे व्हेटोला शिव्या घालताहेत म्हणून लिहिलं. आमच्या घरात त्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही.

आठवीची_आई

देव बरें करूं दादा, आणि सगळ्यांनाच. तिला वाचून दाखवतेय. फीचं मात्र कोणीच नाही सांगितलं, हिला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय, आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स ती बघते ना मी भरताना.

जर्सीकर

फी आहे, ऐपतीप्रमाणे. सगळ्यात जास्त अमेरिका २२ टक्के आणि सगळ्यात गरीब देशाला ०.००१ टक्का. दोन वर्षांएवढी थकबाकी झाली की आमसभेतलं मत जातं, म्हणजे मास्तरांची सोसायटी इथे पुन्हा फिट. तुवालू नावाचा देश आहे, वस्ती अकरा हजारांच्या आसपास, आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाची असते तेवढी. त्यांच्या इंटरनेट पत्त्याचं शेपूट डॉट टीव्ही, ते त्यांनी कंपनीला भाड्याने दिलं आणि त्या पैशातून २००० साली युनोत आले.

पाहुणे आले की मी त्यांना न्यूयॉर्कला युनोसमोर नेतो. झेंडे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेत, अफगाणिस्तानपासून झिम्बाब्वेपर्यंत. नवीन देश आला की त्याचा झेंडा टोकाला नाही लागत, अक्षराप्रमाणे मधे घुसतो आणि पुढचे सगळे एक एक काठी सरकतात. आपला तिरंगा शोधायला सासऱ्यांना घेऊन उन्हात अर्धी रांग चाललो, आइसलँड सापडला की पुढचाच आपला.

आठवीची_आई

हे झेंडे सरकण्याचं आवडलं तिला. आता शेवटचा प्रश्न, माझा नाही हिचा: भांडून कोणी बाहेर पडलंय का, आणि मग त्याची काठी काढतात का?

एमपीएससी_अटेंप्ट_४

पडलंय! इंडोनेशिया, जानेवारी १९६५. मलेशियाला सुरक्षा परिषदेत जागा मिळाली म्हणून रुसून गेले. सनदेत हाकलायचं कलम आहे, स्वतःहून निघायचं कलमच नाही, त्यामुळे काय करावं कोणालाच कळेना. पण झेंडा उतरवला होता. सप्टेंबर १९६६ ला त्यांनी कळवलं की आम्ही पुन्हा येतो, तर नवीन अर्ज नाही, सुरक्षा परिषद नाही, व्हेटोची भानगड नाही, सरळ येऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसले. आणि ताई, जर्सीकरांनी सांगितलेल्या त्या रांगेत इंडोनेशिया भारताच्या अगदी पलीकडचा झेंडा.

आठवीची_आई

ती म्हणतेय मग सरकवायची गरजच नव्हती, काठी तशीच ठेवायची ना. बरं झोपते आता, सकाळी डबा आहे.