सिगारेट सोडली आणि पोट साफ होणंच थांबलं. आयबीएसवाल्यांनी कृपया सांगा

नारायणगाव_पिकअप (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी स्वतःची पिकअप आहे. सीझनला नारायणगावच्या मार्केटातून टोमॅटो भरतो आणि रात्री आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड करत पहाटे वाशीला गाडी खाली करतो. वय छत्तीस.

चार-पाच वर्षांपासून पोटाचा त्रास आहे. बेंबीच्या खाली मुरडा येतो, लगेच जावं लागतं. जाऊन आलं की बरं वाटतं, पण थोड्या वेळानं परत तेच. माळशेजमध्ये पावसाळ्यात रात्री कळ आली, मागं ट्रकची रांग लागली असली, तर गाडी लावायची कुठं? ज्यानं हे भोगलंय त्यालाच कळेल. आता गाडी भरतानाच भीती वाटते, आणि भीती वाटली की कळ येतेच.

पुण्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त, थायरॉईड, शौचाची तपासणी, सोनोग्राफी, दुर्बिणीनं आतडं बघणं, सगळं झालं. सगळं नॉर्मल. आयबीएस आहे म्हणाले, म्हणजे तपासणीत काही सापडत नाही पण आतड्याचं काम बिघडलेलं असतं, आणि सिगारेट बंद करा म्हणाले. दिवसाला आठ-दहा व्हायच्या, रात्रीच्या फेरीला जास्त, कारण घाटात झोप येऊन चालत नाही.

बंद केली. दोन-अडीच आठवडे झाले असतील. घाटातली कळ खरोखर कमी झालीय. पण आता वेगळंच सुरू झालंय. आधी सकाळी चहा आणि सिगारेट झाली की पाच मिनिटांत पोट मोकळं व्हायचं. आता दोन-दोन दिवस होत नाही, पोट गच्च फुगतं, छातीत धडधडतं, दिवसा झोपायला मिळालं तरी डोळा लागत नाही.

बरोबरचे ड्रायव्हर म्हणतात, सकाळची एक ओढत जा, ते औषधच आहे. मला परत सुरू करायची नाही. माझे वडील बिडी ओढायचे. शेवटी शेवटी त्यांना गोठ्यापर्यंत चालताना दम लागायचा, ते मी बघितलंय. पण असं पोट घेऊन रात्रभर गाडी कशी चालवायची? सिगारेटचा आणि आयबीएसचा खरंच काही संबंध आहे का, की डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात तसं मलाही सांगितलं?

सांगोला_डाळिंब

भाऊ, एकदम सोडू नका, शरीराला सवय असते. सकाळची एक ठेवा, बाकीच्या बंद करा. आमच्या वस्तीवर सगळे तसंच करतात.

कोपरगाव_मेडिकल

वरच्या भाऊंनी मनापासून सांगितलंय, पण तुम्ही तसं करू नका. सकाळची एक हीच सगळ्यात घट्ट सवय असते. रात्रभरात अंगातलं निकोटिन उतरलेलं असतं, त्यामुळे पहिल्या सिगारेटची ओढ सगळ्यात मोठी, आणि ती ठेवली की बाकीच्या तिच्यामागून येतात.

माझं औषधाचं दुकान आहे आणि मला स्वतःला आयबीएस आहे. मीही ओढायचो. दुकानाशेजारी चहाची टपरी होती, शटर वर करायच्या आधी कटिंग आणि सिगारेट ठरलेली. त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते मला वाक्यावाक्याला ओळखीचं वाटलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हे कोणी नीट समजावून सांगत नाही आणि नेमक्या याच टप्प्यावर माणसं परत ओढायला लागतात.

आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं. निकोटिन त्या नसांना चाळवतं आणि मोठं आतडं आकुंचन पावायला लागतं. आयबीएसमध्ये या नसा आधीच हळव्या झालेल्या असतात. दुसऱ्याला जो गॅस जाणवतही नाही, तो आपल्याला कळ म्हणून जाणवतो. अशा आतड्याला रात्रभर दर तासाला निकोटिनचा धक्का बसत होता. तो थांबल्यावर घाटातली कळ कमी झाली, यात मला काही नवल वाटत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय.

आता पोट न होण्याबद्दल. निकोटिन बंद झाल्यावर बद्धकोष्ठ होणं हा सोडण्याचाच एक ठरलेला त्रास आहे. इंग्लंडमध्ये यावर अभ्यास झालाय, त्यात सोडणाऱ्या साधारण सहांपैकी एकाला हा त्रास झाला होता. म्हणजे तुमचं काही बिघडलेलं नाही. इतकी वर्षं आतडं बाहेरच्या धक्क्यावर चालत होतं, त्याला आपल्या चालीवर यायला काही आठवडे लागतात. मलाही लागले.

आणखी एक. सकाळी झोपेतून उठलं की मोठं आतडं आपोआप जागं होतं. पोटात काही गरम गेलं की आणखी हलतं. चहातलं कॅफिन त्यात भर घालतं. हे तिन्ही तुमच्याकडे आजही आहे. सिगारेट शेवटी यायची म्हणून सगळं श्रेय तिला मिळत होतं. तेव्हा चहा किंवा कोमट पाणी घ्या आणि होवो न होवो, ठरलेल्या वेळी दहा मिनिटं जाऊन बसा. कुंथू नका. तुम्ही रात्री जागता, म्हणून तुमची सकाळ म्हणजे झोपून उठल्यानंतरची वेळ, मग ती दुपारी दोनची असेना का. कमोड असेल तर पायाखाली लहान पाट घ्या.

धडधड आणि झोपेबद्दल लिहिलंत ते वाचून मी थांबलो. तुम्ही चहा किती पिता? सिगारेटच्या धुरात असे पदार्थ असतात की ज्यांच्यामुळे लिव्हर कॅफिनचा निचरा फार भराभर करतं. सिगारेट बंद झाली की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं. शिवाय सिगारेटच्या जागी माणूस चहा वाढवतो. मग छाती धडधडते, झोप जाते, पोट ढवळतं आणि बोल लागतो सिगारेट सोडण्याला. माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी लोकांना मी हे सांगितलंय. चहा निम्म्यावर आणा. कोणाला दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल, तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तिचंही असंच होतं, डोस कमी करावा लागू शकतो. चहा कमी करूनही धडधड राहिली, तर मात्र ईसीजी काढून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

इसबगोल घ्या. एकदम दोन मोठे चमचे नको. आधी एक छोटा चमचा, वर पेलाभर पाणी, आणि चार-पाच दिवसांनी वाढवा. सुरुवातीला थोडा गॅस होतो, पण आयबीएसमध्ये त्याचा उपयोग होतो. गाडीवर लघवीला थांबायला नको म्हणून ड्रायव्हर लोक पाणी टाळतात, तसं करून इसबगोल घेतलंत तर उलट अडकेल. सोनामुखीची चूर्णं रोज घेऊ नका, त्यांनी कळा येतात आणि तुमच्या पोटाला कळा नकोतच. लॅक्ट्युलोजच्या सिरपनंही आयबीएसवाल्यांचं पोट फुगतं. इसबगोलनं भागलं नाही तर मॅक्रोगॉलची पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्या.

वाशीत गाडी खाली झाल्यावर खाता काय तेही लिहा. मिसळ असेल तर मटकी, कांदा, लसूण, पाव, सगळं एका ताटात येतं आणि या चारही गोष्टी आयबीएसमध्ये गॅस वाढवणाऱ्या आहेत. पण सगळं एकदम बंद करू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

इंदापूरची_सून

आमच्याकडे सिगारेट कोणी ओढत नाही, पण सासूबाई मिश्री लावायच्या. सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावल्याशिवाय त्यांना परसाकडला होतच नसे. गावात कितीतरी बायकांचं हेच आहे. तंबाखू भाजून दाताला लावली तरी निकोटिन रक्तात जातंच, हे त्यांना आरोग्य सेविकेनं समजावलं. तोंडात पांढरा चट्टा दिसला तेव्हा त्यांनी सोडली. त्यांचंही पोट महिनाभर बसलं होतं. आम्ही रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि पाणी जास्त, एवढंच केलं. हळूहळू लागलं. भाऊ, तुम्ही धीर सोडू नका.

डॉ_पोटविकार

मेडिकलवाल्या काकांनी जवळपास सगळं लिहिलंय. मी फक्त राहिलेलं लिहितो.

संबंध आहे का, याचं प्रामाणिक उत्तर असं की धूम्रपानामुळे आयबीएस होतो असं सिद्ध झालेलं नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पण ज्याला आयबीएस आहे, आणि त्यातही घाईनं जावं लागण्याचा प्रकार आहे, त्याचा त्रास निकोटिननं भडकू शकतो. हे माणसागणिक बदलतं. तुमच्या बाबतीत ते दिसतंय. छातीतली जळजळ आणि अल्सर यांच्याशी मात्र सिगारेटचं नातं पक्कं आहे.

एका गोष्टीकडे सगळ्यांनीच लक्ष द्यावं. मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा एक आजार आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस. काही लोकांत तो सिगारेट सोडल्यानंतरच्या काळात पहिल्यांदा दिसतो किंवा उसळतो. क्रोन्स या दुसऱ्या आजारात उलट असतं, ओढत राहिल्यानं तो वाढतो. आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही, आणि ओढणाऱ्यांना टीबीचा धोका जास्तच. म्हणून शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर ‘सिगारेट सोडल्यामुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. तुमची दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आहे, त्यामुळे आज घाबरायचं कारण नाही. पन्नाशीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर तपासणीशिवाय आयबीएसचा शिक्का मारून घेऊ नये.

आणि सोडलेली सिगारेट पोटासाठी परत सुरू करणं, असा सल्ला मी कोणत्याही पेशंटला देणार नाही. बद्धकोष्ठावर उपाय आहेत.

नारायणगाव_पिकअप

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, चहाचं तुम्ही कसं ओळखलंत? सिगारेट बंद झाल्यापासून आळेफाट्याला एक, टोकावड्याला एक, मुरबाडला एक, वाशीत दोन, असं होतंय. आधी निम्माही नव्हता. आणि हो, वाशीत मिसळच असते. ती इतक्यात सुटणार नाही, आधी चहा कमी करून बघतो.

एक विचारायचं होतं. घाटात झोप आली की ओढायची इच्छा फार होते. निकोटिनची चघळायची गोळी मिळते, ती आयबीएसमध्ये चालते का?

कोपरगाव_मेडिकल

चालते, पण नीट घेतली तर. २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते. साध्या च्युइंगगमसारखी चावत बसलात तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि हवाही गिळली जाते. थोडी चावायची, जिभेला तिखट झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की परत थोडी चावायची. साधारण अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, थंड पेय नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पाकिटावर घटक वाचा. बिनसाखरेच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल, झायलिटॉलसारखे गोडवे असतात, जास्त झाले तर आयबीएसवाल्यांचं पोट फुगतं. दिवसाला बऱ्याच लागायला लागल्या तर दंडाला लावायचा पॅच डॉक्टरांना विचारा, त्यात हे गोडवे नाहीत. आणि लक्षात ठेवा, कॅफिनचं गणित धुरामुळे बदलतं, निकोटिनमुळे नाही. गोळी घेतली तरी चहा कमीच ठेवायचा.

झोपेसाठी मात्र गोळीवर विसंबू नका. माळशेज उतरायच्या आधी ओतूरला गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोप काढा. टोमॅटो वीस मिनिटांनी नासत नाहीत.

ओढायची फार इच्छा झाली तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे. तो रात्रभर चालत नाही, म्हणून दुपारी उठल्यावर लावा आणि रात्रीच्या फेरीला काय करायचं ते त्यांच्याकडून आधीच ठरवून घ्या.

इसबगोल आजपासून सुरू करा आणि आठवड्यानं इथंच लिहा. तोवर एकदाही नीट झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि पोट दुखून उलटी झाली किंवा वारा सरणंही बंद झालं, तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नारायणगाव_पिकअप

लिहून घेतलं, गाडीतल्या वहीत. आज ओतूरला थांबतो.