गराज सेलमध्ये हाती लागलेलं घबाड: तुमचे किस्से सांगा

काल ड्रॉवर जोरात ओढला तर अख्खाच हातात आला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला ४ दिसला. इतकी वर्षं वापरतेय, कधी लक्षच गेलं नव्हतं. हे चार ड्रॉवरचं कपाट गराज सेलमधलं (लोक घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकतात ना, तिथलं), अंगावर रंगाचे तीन थर आणि डोक्यावर कुंड्या घेऊन बिचारं कोपऱ्यात उभं होतं. मी फक्त ड्रॉवरचा कोपरा बघितला, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा सांधा, खिळा एक नाही. रंग घासून काढला तर आत अस्सल लाकूड! तुमचंही येऊ द्या, फसलेले किस्से पण चालतील.

--

आमच्या ह्यांनी सोफा आणलेला, दारातून आतच जाईना. पाय काढले, मग दार काढलं, तरी नाही. दोन दिवस बाहेर बसून चहा प्यायलो त्यावर. आता माझ्या पर्समध्ये कायम मेजरिंग टेप.

--

ढेकूण!! कुणी बोललंच नाही अजून?? शिवणी उलटून बघा, काळे ठिपके दिसले की मागे फिरा. उन्हात टाकलं की मरतात यावर जाऊ नका, आतल्या फटी तेवढ्या तापतच नाहीत आणि मेले न खाता महिनोन् महिने जगतात.

--

+१, मी पडदे सोडून कापडाचं काही घेत नाही. कुकर लावलाय, नंतर लिहिते

--

ताई, रंग कोरडा घासलात का? जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ वाईट, घरात लहान मूल असेल तर फारच.

--

बापरे, मास्कसुद्धा नव्हता लावला 😳

--

भुसा दाबून केलेल्या फळीचं असेल तर खालची कड चाचपून बघा, पाणी लागून फुगलेली असते, वरून मात्र झकास. आणि मी जाते आवराआवरीच्या वेळेला, तेव्हा त्यांना फक्त कुणीतरी उचलून न्यायला हवं असतं. चांगलं आधीच गेलेलं असतं म्हणा.

--

तो ४ म्हणजे सुताराचा नंबर असणार. हाताने केलेला ड्रॉवर आपापल्या खणातच नीट बसतो. बाकीचे बघा ना.

--

बघितले!! १, ३, २, ४. मधले दोन कायम अडकायचे, मी मेणबत्ती घासून घासून दमले. आत्ता अदलाबदल केली, एका बोटाने सरकतायत.

--

सोफ्यावर असला काही नंबर असतो का, ह्यांनी विचारलंय