न्यू जर्सी: खोडावरचा करडा पतंग, आतून केशरी. जात कोणती? (बजेट २० डॉलर)

अंगणवेल: एडिसनला घरामागच्या ओकवर अगदी सालीच्या रंगाचा पतंग बसला होता. लेक जवळ गेली तसे पुढचे पंख सरकले आणि खाली लालकेशरी पंख, त्यावर काळे पट्टे! अंडरविंग आहे एवढं कळलं. पण कोणता? अंडी, सुरवंट कुठे शोधायचे? पुन्हा दिसावा म्हणून काय घेऊ?

नाना७१: लाल पंख म्हणजे लँटर्नफ्लाय. दिसला की चिरडा. आमच्या द्राक्षवेलीची पार वाट लावली त्यांनी.

रानवाट: नाना, थांबा! लँटर्नफ्लायला ठिपके असतात, आणि तो पतंग नाहीच, तुडतुड्यांच्या गोतातला. हा कॅटोकाला, म्हणजे अंडरविंग पतंगांच्या वंशातला. उत्तर अमेरिकेत याच्या शंभराच्या आसपास जाती आहेत. पुढच्या पंखावर मधोमध पांढऱ्या कडेचा ठिपका असेल तर बहुधा इलिया अंडरविंग. त्याचे सुरवंट ओकवरच वाढतात.

कॅमेरावेडा: मॅक्रो लेन्स घ्या. माझी ६०० डॉलरची आहे, पंखावरचे खवले दिसतात.

पिट्सबर्गकर: लेन्स कशाला? ब्राऊन शुगर, बिअर आणि सडकं केळं आंबवून अंधार पडताना खोडाला फासा. मी यूव्ही दिवाही आणला, पण अंडरविंग गोडावरच जास्त आले.

वऱ्हाडी_बागायतदार: आमच्या संत्र्याला असाच केशरी पंखांचा रसशोषक पतंग भोक पाडतो, फळ गळून जातं. सुरवंट गुळवेलीवर. संध्याकाळी बागेत धूर करावा लागतो.

रानवाट: दादा, तो वंश वेगळा. जीवनचक्राचं राहिलंच: वर्षाला एकच पिढी. मादी सालीच्या फटीत अंडी घालते, हिवाळा अंड्यातच जातो. वसंतात पालवीबरोबर सुरवंट निघतात. मोठे झाले की दिवसा खोडाला चपटे चिकटून बसतात. कडेला केसांची झालर असते, त्यामुळे सावलीसुद्धा पडत नाही. पुढे पाल्यात कोष. म्हणून झाडाखालचा पाला पिशव्यांत भरून टाकू नका, कळकळीने सांगतोय.

नाना७१: पाल्यात गोचीड होतात. घरात लेकरू आहे.

कॅमेरावेडा: चांगल्या फोटोशिवाय जात ठरत नाही. लेन्स घ्याच.

अंगणवेल: फोनमधल्या फोटोत ठिपक्याची पांढरी कडा दिसतेय, म्हणजे इलियाच धरते. लेन्स, दिवा, बिअर यातलं काहीच घेत नाही. मे महिन्यात लेकीला घेऊन त्याच खोडावर सुरवंट शोधणार. नाना, घरालगतचा पाला झाडते, ओकखालचा मात्र राहू देते.