‘३२ अधिक आयआरक्यू’ ही बेरीज नव्या कर्नलमध्ये ठेवावी का?

रात्रपाळी

एक्स८६ प्रोसेसरसाठी स्वतःचं छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिणाऱ्या बहुतेकांच्या कोडमध्ये ही बेरीज सापडते. आयआरक्यू म्हणजे डिव्हाइस ज्या लाइनवरून प्रोसेसरला हाक मारतं (इंटरप्ट देतं) तिचा नंबर. त्यात ३२ मिळवले की व्हेक्टर, म्हणजे कोणता हँडलर (त्या इंटरप्टला उत्तर देणारा कोड) चालवायचा हे सांगणारा नंबर. टायमर ० म्हणून ३२, कीबोर्ड १ म्हणून ३३. माझ्याही कोडमध्ये ती होती, आणि ड्रायव्हरांमध्ये इतकी मुरली होती की काढताना अर्धं कर्नल उसवावं लागलं. माझं स्पष्ट मत आहे की ती ड्रायव्हरच्या हाती कधीच देऊ नये.

ती आली कुठून ते आधी सांगतो. व्हेक्टर ० ते ३१ इंटेलने प्रोसेसरच्या एक्सेप्शनसाठी (कोड चालवताना प्रोसेसरलाच आलेल्या अडचणींसाठी) राखून ठेवले होते. तरीही १९८१ च्या आयबीएम पीसीच्या बायॉसने टायमर व्हेक्टर ८ वर बसवला. प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट, एक एक्सेप्शन हाताळताना आलेलं दुसरं. म्हणून आपण ८२५९ या जुन्या इंटरप्ट कंट्रोलरच्या दोन्ही चिपा ३२ ते ४७ वर हलवतो, म्हणजेच रीमॅप करतो. इथवर बरोबरच आहे.

पण ८२५९ नंतरच्या आय-ओ एपिक या कंट्रोलरवर हे गणित टिकत नाही. त्याला सहसा २४ इनपुट असतात आणि प्रत्येकाला हवा तो व्हेक्टर देता येतो. शिवाय टायमर बऱ्याच मशीनवर इनपुट ० वर नसतो, २ वर असतो. हे एसीपीआयच्या (फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरची जी माहिती देतं तिच्या) एमएडीटी टेबलात ओव्हरराइड, म्हणजे अपवाद, म्हणून नोंदलेलं असतं. मी ती नोंद वाचली नव्हती. टायमर गप्प, आणि मी दोन रात्री आयडीटी (व्हेक्टरला हँडलर जोडणारं टेबल) तपासत बसलो होतो, ज्यात काहीच चूक नव्हती.

ड्रायव्हरने फक्त ‘मला इंटरप्ट हवा’ एवढंच म्हणावं. मोकळा नंबर कर्नल शोधेल, कोणता का असेना.

जुनी चिप

असहमत. पहिलाच इंटरप्ट शिकणाऱ्याला ८२५९ इतकं सरळ काही नाही. प्रत्येक चिपला चार कमांड शब्द पाठवले की टायमर टिकटिकतो. रीमॅप विसरलात तर काय होतं तेही एकदा डोळ्यांनी बघावं: डबल फॉल्ट स्टॅकवर एरर कोड टाकतो, टायमर टाकत नाही. हँडलर नसलेला कोड काढून टाकतो, परतीचा पत्ता चुकतो, आणि ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट. हे ज्याने भोगलं त्याला स्टॅक फ्रेम वेगळी शिकवावी लागत नाही. पहिल्याच दिवशी व्हेक्टर वाटणारं टेबल दिलंत तर तो टेबल शिकेल, इंटरप्ट नाही.

आणि एपिक वापरलात तरी ८२५९ सुटत नाही. सगळ्या लाइन मास्क (बंद) केल्या तरी तिच्याकडून नकली आयआरक्यू ७ येऊ शकतो. आधी रीमॅप, मग मास्क.

रात्रपाळी

रीमॅपला माझा विरोध नाहीच. ती बेरीज कीबोर्डच्या ड्रायव्हरमध्ये का असावी, एवढंच विचारतोय.

नवशिकी

मध्येच विचारते. माझ्या नेटवर्क कार्डाच्या पीसीआय रजिस्टरमध्ये इंटरप्ट लाइन ११ दिसते. आय-ओ एपिकचं इनपुट ११ उघडलं, पण काहीच येत नाही. ८२५९ वर तेच कार्ड चालत होतं.

सोल्डर

तो ११ फर्मवेअरने ८२५९ साठी लिहून ठेवलाय. आय-ओ एपिकला त्याचा उपयोग नाही. खरी वायर कुठल्या इनपुटला जाते हे एसीपीआयच्या पीआरटी या यादीत असतं, आणि ती वाचायला एएमएल या एसीपीआयच्या भाषेचा इंटरप्रिटर लागतो. एका कार्डासाठी एवढा डोंगर चढू नका. कार्डाला एमएसआय (वायरऐवजी संदेशाने दिलेला इंटरप्ट) येत असेल तर तो चालू करा. मग वायरच नाही: कार्ड हेक्स एफईई००००० या पत्त्यावर एक छोटा आकडा लिहितं, आणि त्या आकड्याचा खालचा बाइट म्हणजेच व्हेक्टर. एमएसआयमध्ये एका डिव्हाइसला ३२ पर्यंत इंटरप्ट मिळतात, एमएसआय-एक्स या त्याच्या पुढच्या रूपात २०४८ पर्यंत.

यात आयआरक्यू नावाची गोष्टच उरत नाही, मग ३२ कशात मिळवणार? या मुद्द्यावर मी रात्रपाळींच्या बाजूने.

तिसरं आर्किटेक्चर

आर्म प्रोसेसरवर काम करतो म्हणून लिहितो. जिक या तिथल्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये ० ते १५ सॉफ्टवेअरचे, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खासगी, आणि बाहेरच्या डिव्हाइसचे, म्हणजे एसपीआय, ३२ पासून पुढे. डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) एसपीआय ५ लिहिलं असेल तर जिकच्या लेखी तो ३७. तिथेही ३२ मिळवायचेच, पण कारण निराळं. म्हणून बेरीज वाईट नाही, तिची जागा कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये. लिनक्सने आयआरक्यू डोमेन याचसाठी केलं: कंट्रोलरचा हार्डवेअर नंबर एकीकडे, कर्नलचा स्वतःचा नंबर दुसरीकडे.

जुनी चिप

लिनक्सला शेकडो कंट्रोलर सांभाळायचे असतात. दुसरा कंट्रोलर समोर येईपर्यंत डोमेन लिहू नये, या मतावर मी ठाम आहे.

नवशिकी

एमएसआय चालू केला, व्हेक्टर ६५ दिला. पहिला इंटरप्ट आला! पण एकच. आणि त्यानंतर टायमर आणि कीबोर्डही बंद पडले. ते ३२ आणि ३३ वर आहेत, त्यांना मी हातही लावला नव्हता.

जुनी चिप

प्रोसेसरमधल्या लोकल एपिकला ईओआय, म्हणजे काम संपल्याची खूण, पाठवला नाहीत. हँडलरच्या शेवटी त्याच्या हेक्स बी० ऑफसेटला शून्य लिहा. एपिकवर व्हेक्टरचे वरचे चार बिट म्हणजे प्राधान्याचा वर्ग. ६५ चा वर्ग ४, ३२ आणि ३३ चा २. वर्ग ४ चं काम संपल्याचं कळेपर्यंत एपिक खालच्या वर्गाला दारातच थांबवतो. रात्रपाळी, ‘कोणता का असेना’ हे तुमचं वाक्य मला इथेच खटकलं होतं.

रात्रपाळी

हे मान्य. नंबर कर्नलनेच वाटावा, पण ड्रायव्हरने मागताना वर्गही सांगावा. आज रात्री माझ्या टेबलात वर्गाचा रकाना घालतो.

नवशिकी

शून्य लिहिलं. तिन्ही चालू आहेत.