घरातले दिवे बदलल्यापासून माझं डोकं दुखतंय आणि आईची झोप गेली – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीआधी रंगकाम काढलं तेव्हा पीओपीही करून घेतलं. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूबा गेल्या, हॉलमध्ये सहा पॅनल आले, बाकी खोल्यांत एलईडी बॅटन. सगळे पांढरेशुभ्र, खोक्यावर ६५०० के. (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा). पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय गं." आम्ही हसलो.

आता हसू येत नाही. माझं ऑफिसचं काम हॉलमध्येच चालतं. चार वाजले की कपाळात ठणका सुरू. सुट्टीच्या दिवशी नसतो. चष्म्याचा नंबर तपासला, तोच आहे. आईचं (वय ७१, दोन्ही मोतीबिंदू काढलेत) वेगळंच. अकराला आडवी होते आणि दीडपर्यंत कूस बदलत राहते. पूर्वी साडेनऊच्या बातम्यांतच पेंगायची. त्यात संध्याकाळी सोसायटीचा पंप लागला की हॉलमधला उजेड खसकन उतरतो, थोड्या वेळाने परत चढतो.

फ्लॅट पहिल्या मजल्यावर, समोरची इमारत अगदी अंगावर. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप टाकलं. सकाळी अकराला दिवे बंद ठेवून हॉलमध्ये ४०, रात्री दिवे लावून २८०! म्हणजे आमच्याकडे दिवस रात्रीपेक्षा काळोखा. पिवळे दिवे लावू म्हटलं तर आई ऐकत नाही, तांदूळ निवडताना खडा दिसत नाही म्हणते.

दोष कशाचा? रंगाचा, प्रखरतेचा की दिव्यांचाच? सगळे परत बदलायचे तर खर्च आला. जाणकारांनी सांगावं.

फेज_न्यूट्रल:
ताई, बाकी सगळं सोडा, आधी एक पांढरं पेन घ्या. रात्री दिव्याखाली झपझप हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. तुटक तुटक दहा पेनं दिसली तर दिवा लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. नजरेला कळत नाही, पण डोकं धरतं. ब्रिटनमध्ये १९८९ साली ऑफिसातल्या लोकांवर हे तपासलं होतं. ट्यूबला साध्या चोकऐवजी लुकलुक घालवणारा इलेक्ट्रॉनिक चोक लावल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला.

तुमची जुनी ट्यूबही लुकलुकायची, पण आतली पावडर क्षणभर तेवत राहते, उजेड पूर्ण पडत नाही. एलईडीला ती सोय नाही. ड्रायव्हरमध्ये (दिव्याला वीज पुरवणारी डबी) वीज सलग ठेवणाऱ्या कपॅसिटरचे चार पैसे वाचवले की झालं. पंपाबरोबर उजेड उतरतो तेही बहुधा त्याच ड्रायव्हरमुळे. चांगला ड्रायव्हर व्होल्टेज पडलं तरी करंट सांभाळतो. पॅनलचा ड्रायव्हर वेगळा असतो, तेवढाच बदलता येतो. दुकानात दिवा लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर घेऊ नका.

आणि हो, दिवे मंद होतात तोवर ठीक. मधेच नेहमीपेक्षा *जास्त* प्रखर होत असतील तर न्यूट्रल (विजेची परतीची तार) ढिला असू शकतो. त्याच दिवशी वायरमन बोलवा.

रातकिडा:
आईंचं दुखणं पेनाने सापडणार नाही. डोळ्यात बघायच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, त्या शरीराला दिवस की रात्र एवढंच कळवतात. २००२ मध्ये हे सिद्ध झालं. त्यांना निळसर उजेड, ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, सगळ्यात जास्त कळतो. पिकलेलं भिंग निळा उजेड अडवतं. मोतीबिंदू काढला की तो आडपडदाही गेला. त्यात दिवसभर काळोख आणि रात्री तुमचे सहा पॅनल! २०२२ मध्ये तज्ज्ञांनी केलेली शिफारस अशी: दिवसा किमान २५० लक्स, झोपेआधी तीन तास जास्तीत जास्त १०, झोपताना १. (ही मापं या पेशींच्या हिशेबाची, ॲपमधला आकडा हुबेहूब तोच नव्हे.)

पण तांदळाच्या बाबतीत आई बरोबर आहेत. वय वाढलं की डोळ्याची बाहुली आकसते, कामाला जास्तच उजेड लागतो. निवडण-टिपण सकाळी खिडकीशी, आणि सातनंतर छतावरचे दिवे बंद, २७०० के.चा एक पिवळा टेबललॅम्प.

चहाबाज:
आमच्या घरी सासरे अजून साठचा पिवळा बल्ब जपून ठेवतात. आजवर हसत होतो. धागा दाखवणार नाही त्यांना.

धागाकर्ती:
पेन हलवलं. बॅटन स्वच्छ, हॉलमध्ये मात्र पेनांची रांग! एका पॅनलचा ड्रायव्हर बदलून घेतला, रांग गेली. उरलेले पाच रविवारी. लॅम्पला आठवडा झाला, आई परवा बातम्यांत पेंगली. रोज नाही, पण पेंगली.

आता सकाळच्या उजेडाचं. आईला तासभर गच्चीत बसवायचं म्हटलं तर गच्चीला सोसायटीचं कुलूप, आणि सेक्रेटरी म्हणतात "नियम आहे." कुणी असा अर्ज केलाय का? मजकूर इथे टाकाल?