हिवाळ्यात फ्लायवर स्टीलहेड, वॉशिंग्टनवाले कोणी जाता का?

वाशिष्ठीकाठचा

नमस्कार मंडळी. मी मूळचा चिपळूणचा, सध्या मुक्काम रेडमंड. लहानपणी काकाबरोबर गरवायला जायचो त्यामुळे माशांचा नाद जुनाच, पण फ्लाय फिशिंग (पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने मासे धरणं) मात्र इथे येऊनच शिकलो. उन्हाळ्यात नऊ फुटी ५ वेटच्या रॉडवर (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर, जास्त तितका रॉड दणकट) स्नोक्वाल्मी नदीच्या मिडल फोर्क फाट्याला ट्राउट बरे लागले, छोटे असतात पण मजा येते. आता पाऊस सुरू झाला आणि ऑफिसातला एकजण सारखा डोकं खातोय की खरी मजा हिवाळ्यातच, स्टीलहेड धर. व्हिडिओ बघितले तर तिथे प्रत्येकजण वेगळंच सांगतो, कोणी म्हणतो तेरा फुटी दोन हाती रॉड पाहिजे, कोणी म्हणतो इंडिकेटर (तरंगता गोळा) लाव आणि गप उभा राहा. माझे प्रश्न असे की आहे तो रॉड चालेल का, सिॲटलपासून जवळ कुठे जायचं, आणि स्टीलहेड नाहीच लागला तर हिवाळ्यात ट्राउटसाठी एखादी नदी किंवा तळं आहे का. बायको म्हणते या पावसात नदीत उभा राहणारा माणूस वेडाच असणार, तेही खरंच आहे म्हणा. जाणकारांनी सांगावं.

स्कायकाठ

रॉडचं नंतर बघू, आधी पाणी.

स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच, पण पिल्लू असताना समुद्रात जातो, तिथे दोन-तीन वर्षं खाऊन अंगाने भरतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चढतात ते विंटर रन. परत येताना त्याचं खाण्याकडे फारसं लक्ष नसतं, त्यामुळे मिडल फोर्कला जमलेलं "कुठला किडा उडतोय बघ आणि तसली फ्लाय बांध" हे गणित इथे चालत नाही. आणि मासे मुळात कमी आहेत. प्युजेट साउंडचा (सिॲटलजवळच्या खाडीचा) स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे आख्खा दिवस काहीच न लागता घरी येणं हे नॉर्मल धरून चाला. इथली जुनी मंडळी याला हजार कास्टचा मासा म्हणतात ते उगाच नाही.

पाणी म्हणजे काय, तर यूएसजीएस या सरकारी खात्याच्या साइटवर प्रत्येक मोठ्या नदीचा गेज (पाणी मोजायचं यंत्र) असतो, स्कायकोमिश नदीचा गोल्ड बार गावाजवळ आहे. तो रोज बघायची सवय लावा. आकडा किती यापेक्षा रेघ चढतेय का उतरतेय ते बघायचं. हवाईकडून तो उबदार पाऊस येतो ना, पाइनॅपल एक्सप्रेस, तो आला की डोंगरावरचा बर्फपण वितळतो आणि नदी एका रात्रीत चॉकलेटी होते, तेव्हा घरी बसून फ्लाय बांधा. मग थंडी पडते, वर पाऊस नाही तर बर्फ पडायला लागतो, रेघ उतरते, पाणी हिरवट होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर स्वतःचे बूट अंधुक दिसायला लागले की समजायचं नदी जागेवर आली. त्यानंतरचे एक-दोन दिवस सोन्याचे. काचेसारखं स्वच्छ झालं की मासा बुजतो.

मासा कुठे असतो? माणूस आरामात चालतो त्या वेगाचं, तीन ते सहा फूट खोल पाणी शोधा, खाली मोठे दगड असतील तर उत्तमच. खळाळ संपून पाणी पसरतं ती जागा, आणि डोह संपता संपता उथळ होतो ती शेपटी. हिवाळ्यात मासा मधल्या जोरात उभा राहत नाही, काठाच्या जवळ असतो, त्यामुळे आल्या आल्या मांडीभर पाण्यात घुसू नका, पहिले कास्ट कोरड्यात उभं राहून मारा.

आता रॉड. ५ वेट नको. तुटेल म्हणून नाही तर मासा दमवायला फार वेळ लागतो आणि इतका दमलेला मासा सोडून उपयोग नसतो. एकहाती घ्यायचा तर १० फुटी ८ वेट, दोन हाती घ्यायचा तर १३ फुटी ७ वेट. मागे झाडं आणि पुढे रुंद नदी, असल्या ठिकाणी दोन हातीच बरा पडतो कारण लाइन मागे फेकावी लागत नाही. त्यावर स्कॅजिट हेड, म्हणजे आखूड आणि जड लाइन, नाव इथल्याच स्कॅजिट नदीवरून पडलंय. पुढे दहा फुटांची बुडणारी टिप, टी-११ या वजनाने सुरुवात करा, मग तीन-चार फूट १२ ते १५ पाउंडाचा लीडर (फ्लाय बांधायचा बारीक दोरा). टिप बुडते पण लांब लीडरवर फ्लाय वरच तरंगत राहते म्हणून तो आखूडच हवा. फ्लायचा रंग गुलाबी की नारिंगी की काळा-निळा यावर लोक तासनतास भांडतात, मी पाणी गढूळ असेल तर काळी-निळी इंट्रुडर नावाची फ्लाय लावतो आणि विषय संपवतो.

टाकायचं पलीकडे, थोडं प्रवाहाच्या खालच्या बाजूला. एक मेंड मारून (लाइन उचलून वरच्या बाजूला टाकून) टिप बुडू द्या, मग लाइन ताणली जाते आणि फ्लाय कमान घेत हळूहळू आपल्या काठाकडे सरकते. काठाशी येऊन लोंबकळली की लगेच उचलू नका, थोडा वेळ तशीच राहू दे, बरेचदा मासा मागे मागे आलेला असतो आणि तिथेच घेतो. मग दोन पावलं खाली सरका, परत तेच. पहिल्यांदा घेतो तेव्हा कधी टक्कन एक टिचकी लागते, कधी नुसतंच वाटतं की फ्लाय शेवाळात अडकली आणि मग ते शेवाळ चालायला लागतं. तेव्हा ट्राउटच्या सवयीने रॉड वर झटकलात तर फ्लाय त्याच्या तोंडातून सरळ बाहेर. काही करायचं नाही, त्याला वळू द्या, रीलमधून लाइन जायला लागली की रॉड काठाच्या बाजूला आडवा कलता करा. हे लिहायला सोपंय, करताना जीव जातो.

जवळच्या जागा म्हणजे स्कायकोमिशवर रायटर पॉन्ड्सच्या आसपास आणि स्नोक्वाल्मीवर टोकुल क्रीकच्या खाली, दोन्हीकडे हॅचरी (पिल्लं वाढवायचं सरकारी केंद्र) आहे, तिथले मासे डिसेंबर-जानेवारीत येतात. गर्दी असते, खांद्याला खांदा. जंगली मासे उशिरा येतात आणि त्यांना जपण्यासाठी इकडच्या बऱ्याच नद्या हंगामाच्या मध्येच बंद करतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची साइट बघायचीच. त्यानंतर मग फोर्क्स गाव, म्हणजे होह, बोगाचील, सोल डक या नद्या. सिॲटलपासून साडेतीन-चार तास. तिथे वर्षाला शंभर इंचाच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरीचा पावसाळा फ्रीजमध्ये ठेवलाय असं समजा, म्हणजे तुम्हाला घरच्यासारखंच वाटेल.

एरीकाठची_सायली

बापरे एवढा अभ्यास! आमच्याकडे या क्लीव्हलंडला. रॉकी रिव्हर ही नदी मेट्रोपार्क्स या बागांमधूनच वाहते, ऑफिस सुटलं की गाडी लावून पंधरा मिनिटांत पाण्यात. ओहायो राज्य दरवर्षी चार लाखांच्या वर पिल्लं सोडतं, मिशिगनच्या मॅनिस्टी नदीच्या वाणाची, ती एरी लेकमध्ये वाढतात आणि ऑक्टोबरपासून नदीत चढतात. रॉकी, शग्रिन, ग्रँड, कॉनिऑट, सगळ्या छोट्या नद्या आहेत, दोन हाती रॉडची काही गरज नाही. १० फुटी ७ किंवा ८ वेट, इंडिकेटर, खाली गाबोळीसारखा नारिंगी मणी नाहीतर छोटी स्टोनफ्लाय निंफ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय). फ्लाय तळाच्या जवळून, पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे, इंडिकेटर थबकला की उचला, इथे झटका मारायचा हं. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे जानेवारीत नदी गोठते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत आणि मग बर्फ वितळल्यावर असे दोन हंगाम समजा. आणि तळाला शेल दगडाच्या सपाट लाद्या आहेत, त्यावर शेवाळ, बुटांना खिळे नसतील तर नक्की आपटणार.

जुना_खेकडा

ताई, तो तळ्यातला मासा. समुद्र बघितला नाही तो कसला स्टीलहेड.

एरीकाठची_सायली

@जुना_खेकडा, एरीच्या काठावर उभं राहून मला पलीकडचा किनारा दाखवा, मग बोलू. आणि ग्रेट लेक्समधले हे मासे १८७० च्या दशकापासून तुमच्याच पॅसिफिक किनाऱ्यावरून आणलेले आहेत, आमचे नाहीत ते.

स्कायकाठ

दोघांचं भांडण चालू दे, मला आवडतं :) पण यावरून आठवलं. एल्वा नदीवर दोन धरणं होती, ती २०११ ते २०१४ मध्ये पाडली. शंभर वर्षं धरणाच्या वर अडकून पडलेले रेनबो होते, त्यांनी समुद्र कधी बघितलाच नव्हता. वाट मोकळी झाल्यावर तिथे उन्हाळी स्टीलहेड परत यायला लागला, आणि तपासल्यावर त्यात त्या अडकलेल्या ट्राउटचाच वंश निघाला. तेव्हा समुद्र बघितला नाही म्हणून जात बदलते असं काही नाही, खेकडेबुवा.

पालेभाजी

मला मासेमारीतलं शष्प कळत नाही आणि मी खातही नाही, पण थंडीत कुडकुडत मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हा काय उद्योग? त्या बिचाऱ्याला विचारलंय का कोणी?

स्कायकाठ

प्रश्न रास्त आहे. सोडलेल्यातले काही मासे नंतर मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून तर नियम कडक आहेत. जंगली मासा ठेवता येत नाहीच, शिवाय इथे त्याला पाण्याबाहेर पूर्ण उचलणंसुद्धा बेकायदा आहे. कडाक्याच्या थंडीत बाहेर काढला तर कल्ले गोठतात. एकच हुक, तोही बिनबार्बचा, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला. मासा काठाशी आला की गुडघ्यावर बसायचं, एका हाताने शेपटीच्या मुळाशी धरायचं, तोंड प्रवाहाकडे, दुसऱ्या हाताने हुक मागे सरकवला की सुटतो. मग धरून ठेवायचं, पुढे-मागे हलवायचं नाही, कल्ले नीट उघडमीट करायला लागले की तो स्वतःच हात झटकून जातो. त्यातही मला हॅचरीचा मासा जास्त आवडतो कारण तो घरी नेता येतो. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो तो हॅचरीत कापलेला असतो, तिथे भरलेल्या जखमेची खूण दिसली तर हॅचरीचा, पर शाबूत असेल तर जंगली. फोटो नाही काढला तर काही बिघडत नाही, हे मात्र तुमचं शंभर टक्के मान्य.

एलन्सबर्गची_मावशी

वाशिष्ठीकाठचा, सगळे तुला स्टीलहेडच्या मागे लावतायत पण तू तिसरा प्रश्न विचारलास त्याचं कोणी उत्तरच दिलं नाही. तुझा ५ वेट घे आणि यकिमा कॅन्यनला ये. सिॲटलहून दोन तास, फक्त स्नोक्वाल्मी पासवर बर्फ असतो तेव्हा चेन ठेव गाडीत. यकिमा बारा महिने उघडी असते, कॅन्यनमध्ये ट्राउट सगळे पकडा-सोडा. गंमत म्हणजे या नदीचं उलटं आहे, उन्हाळ्यात शेतीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडतात तेव्हा ती भरून वाहते आणि हिवाळ्यात पाणी साठवून ठेवतात म्हणून उतरते, त्यामुळे आत्ता चालत जाऊन उभं राहता येतं तिथे जुलैमध्ये बोट लागते.

हिवाळ्यात पहाटे उठायची गरज नाही बरं का. पाणी चाळीस फॅरनहाइटच्या खाली गेलं की ट्राउट सुस्त होतो, हलतच नाही, तेव्हा नाश्ता करून निवांत निघ, अकरा ते तीन हीच वेळ. सगळे मासे खोल संथ पाण्यात एकत्र गोळा होतात, एक सापडला की तिथेच थांब. वर स्टोनफ्लाय निंफ, खाली १८ किंवा २० नंबरची मिज (इवल्या माशीसारखी फ्लाय). व्हाइटफिशपण लागतील, नाक मुरडू नकोस, धुरावून छान लागतो. फेब्रुवारीच्या शेवटी स्क्वाला नावाची स्टोनफ्लाय निघते, मग वर्षातली पहिली ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी).

आणि खूपच गारठा असेल तर एफ्राटाजवळचा रॉकी फोर्ड क्रीक. झऱ्याचं पाणी आहे, गोठत नाही, फक्त फ्लाय चालते आणि पाण्यात उतरायला बंदी, काठावरूनच टाकायचं. मासे मोठे आणि महा चलाख, समोर दिसतात आणि ढुंकून बघत नाहीत, अगदी छोटे स्कड (कोळंबीसारख्या जिवाची फ्लाय) लावून बघ. तळ्यात जायचं तर डिसेप्शन पासजवळचं पास लेक, तेही फ्लायवाल्यांसाठी राखीव आणि वर्षभर चालू. इंटरमीडिएट (हळू बुडणारी) लाइन, काळी किंवा ऑलिव्ह वूली बगर फ्लाय, फ्लाय बुडताना आकडे मोजत जा म्हणजे किती खोलीवर लागला ते कळतं. आणि ओढायचं इतकं हळू की आपल्यालाच झोप येईल.

वेडर्सचा (छातीपर्यंतच्या जलरोधक पँटचा) पट्टा आवळून बांधायचा, हे आईने सांगितलंय असं समज. आत कॉटन घालू नकोस, जीन्स तर नकोच, लोकरीचं घाल. काठी हवी. कोरड्या कपड्यांची एक जोडी गाडीत.

वाशिष्ठीकाठचा

सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून ठेवावा असा धागा झाला. मावशी, पट्ट्याचं बायकोला वाचून दाखवलं, परवानगी मिळाली. तर आधी यकिमा आणि बरोबरीने सेकंडहँड ७ वेट शोधतो. अजून दोन शंका. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साठतो म्हणतात त्याचं काय करायचं? आणि होहवर जाळी लावलेली बघितली असं तो ऑफिसवाला म्हणत होता, ते कसं चालतं, आपल्याला तर बार्ब असलेला हुकसुद्धा चालत नाही?

स्कायकाठ

जाळी ट्राइबची, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी जमातीची. १८५० च्या दशकात त्यांनी जमिनी दिल्या त्या करारांत मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि १९७४ च्या बोल्ट निकालाने पकडता येण्याजोग्या माशांतला निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांचा ठरला. ऑफिसवाल्याला सांगा की आधी ते होते, मग आपण आलो. इथे काही लोक याच्यावरून फार विष ओकतात, लक्ष देऊ नका.

कड्यांतला बर्फ नखाने किंवा ठोकून काढू नका, टोकाचं कडं पटकन मोडतं. रॉडचं टोक पाण्यात बुडवून थोडं हलवा, पाणी हवेपेक्षा उबदार असतं त्यामुळे सुटतो. घरून निघताना कड्यांना लिप बाम चोळला तर जरा उशिरा साठतो. रील मात्र पाण्यात बुडवू नका, ड्रॅग (रीलचा ब्रेक) गोठला की नेमका तेव्हाच मासा लागतो.

सेकंडहँड रॉडवर कोणती लाइन बसेल ते विकत घ्यायच्या आधी इथे विचारा, लाइनचं वजन (ते ग्रेनमध्ये मोजतात) जुळलं नाही तर चांगला रॉडपण लाकूड वाटतो. आणि स्टीलहेडचं कॅच कार्ड लायसन्सबरोबरच घ्या, हॅचरीचा मासा ठेवला की तिथेच पेनाने लिहावं लागतं. पावसातही चालेल असा पेन घ्या, पेन्सिल चालत नाही. गुरुवारनंतर स्कायचा (स्कायकोमिशचा) गेज उतरेल असं दिसतंय, यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना_खेकडा

मीपण येतो. एरीवाल्या ताईंना सोडून.